हात ऐकू येत नाही

दुपारचे तीन. पुढच्या खोलीतल्या दिवाणावर मी आडवी झाले आहे, चादर गळ्यापर्यंत ओढून. मी ७० वर्षांची एकटी राहणारी बाई. काल माझं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आज मला घरी सोडा म्हणून मी हटून बसले आहे, कारण घरी मांजर उपाशी आहे. हे सगळं माझ्या हातातल्या कार्डावर लिहिलंय. समोरच्या खुर्चीत माझी भाची. तिच्या हातात दुसरं कार्ड: पेशंटची अडचण समजून घ्या, इतक्यात घरी का जाता येणार नाही ते सांगा, मांजराची सोय कोण करू शकेल ते विचारा. कार्ड वाचायला तीन मिनिटं, बोलायला पाच.

रात्रपाळी संपवून ती सकाळी साडेआठला खोलीवर गेली, एक वाजेपर्यंत झोपली आणि आंघोळ करून इकडे आली. केस अजून ओले आहेत. ती बोलायला लागते. स्वतःचं नाव सांगते, माझं विचारते, बसू का म्हणते. सगळं नीट चाललेलं असताना मी कार्डाबाहेर जाते. आवाज कापरा करून इंग्रजीत म्हणते, नवरा गेल्यापासून त्या मांजराशिवाय मला कोणी नाही.

ती थांबते. खुर्ची पुढे ओढते आणि माझ्या खांद्यावर हात ठेवते. हलकेच दाबते. बोलत काहीच नाही.

त्या हातात चार वर्षांच्या वॉर्डची सवय आहे. मला क्षणभर खरंच बरं वाटतं. तरी उठून बसावं लागतं.

"अगं," मी म्हणते, "हात ऐकू येत नाही."

परीक्षेत हा संवाद रेकॉर्ड होतो. समोर पेशंट होऊन बसलेली व्यक्ती गुण देत नाही. रेकॉर्डिंग दुसरीकडे जातं आणि जे हिला कधी भेटलेले नाहीत असे परीक्षक ते ऐकून गुण देतात. खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज फार तर येईल. हाताचा येत नाही. तो हात शब्दांत आणायचा, आणि तेही इंग्रजी शब्दांत. गेलं दीड वर्ष आमची तयारी मुख्यतः हीच चालली आहे.

मी ३१ वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर भाचीमुळे या परीक्षेत शिरले. आधी ती एकटीच यायची, मग हॉस्टेलवरच्या दोघींना घेऊन आली, एक जत तालुक्यातली, एक चंदगडची. आणि नगरकडचा एक मुलगा, ज्याला वॉर्डात सगळे ब्रदर म्हणतात म्हणून आम्हीही ब्रदरच म्हणतो. भाची मला मावशी म्हणते, बाकीचे बाई म्हणतात. चौघांच्या ड्यूट्या जुळवून मंगळवार ठरला.

आमचं गाव मिरज, तेव्हा अशी बैठक इथे बसावी यात नवल नाही. कॅनडातून आलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय सुरू केलं. तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून माणसं इथे उपचारासाठी उतरतात. त्यांना सलाईन लावणारी, रात्री दोनला उठून ताप बघणारी मुलं-मुली आजूबाजूच्या तालुक्यांतलीच असतात. माझ्या भाचीला एका खासगी रुग्णालयात महिन्याला १६,००० रुपये मिळतात. जतच्या मुलीला त्याहून कमी. हे आकडे एकदा वाचले की ती परदेशी का जाऊ बघते हा प्रश्न मागे उरत नाही.

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नाव नोंदवायचं तर तिथली नर्सिंग कौन्सिल इंग्रजीचा पुरावा मागते. या चौघांनी नर्सिंगचं शिक्षण इंग्रजीतूनच घेतलं, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे पेपर इंग्रजीतच लिहिले. पण बहुसंख्य लोक इंग्रजी बोलतात अशा देशांची जी यादी त्या कौन्सिलनं केली आहे, तिच्यात भारत नाही. म्हणून परीक्षा. एक आयेल्ट्स, जी १९८९ पासून चालू आहे आणि विद्यार्थ्यापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांसाठी आहे. दुसरी ओईटी, म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, फक्त आरोग्यसेवेतल्या १२ व्यवसायांसाठी. ब्रिटनच्या कौन्सिलनं ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून मान्य केली. तिचे गुण ५०० पैकी, दहादहाच्या पायरीनं. ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत प्रत्येकी ३५० लागतात, लिहिण्यात ३००.

भाचीनं आधी आयेल्ट्स दिली होती. तासाभरात दोन लेखन: एखाद्या तक्त्याचं वर्णन किमान १५० शब्दांत आणि एका प्रश्नावर निबंध किमान २५० शब्दांत. ज्या क्लासला ती जायची तिथे निबंधाचा साचा मिळाला होता. पहिलं वाक्य कुठलं, दुसऱ्या परिच्छेदाची सुरुवात कशी, शेवट कसा. मधल्या रिकाम्या जागी विषय भरायचा. तिनं तो साचा रात्रपाळीत खिशातल्या चिठ्ठीवरून पाठ केला. लेखनात तिला ६ मिळाले, हवे होते ६.५. परीक्षकांना पाठ केलेली भाषा ओळखायला शिकवलेलं असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सोळा हजारांतून वाचवून मुलगी फी भरते आणि तिच्या हातात दुसऱ्या कोणाची तरी वाक्यं ठेवली जातात, याचा मला अजून राग येतो.

ओईटीची फी आयेल्ट्सहून खूप जास्त आहे, आपल्या पैशांत ३०,००० च्या वर. म्हणजे तिचे जवळजवळ दोन पगार. तरी तिनं तीच धरली, कारण तिच्यात पेशंट आहे.

पहिल्या मंगळवारी चौघांनी मला एकच वाक्य सांगितलं: बाई, इंग्रजी येत नाही. मी म्हटलं, तुमच्या ड्यूटीचा एक दिवस सांगा. जतची मुलगी सांगू लागली. आल्या आल्या हँडओव्हर घ्यायचा, तो इंग्रजीत. फायलीतल्या ऑर्डरी वाचायच्या, त्या इंग्रजीत. नर्सेस नोट्स लिहायच्या, औषधांचा तक्ता भरायचा, लघवीचं माप टिपायचं, सगळं इंग्रजीत. मग खाटेपाशी जायचं आणि विचारायचं, "आजी, रातच्याला झोप लागली का?"

तिथे मला उमगलं. यांचं इंग्रजी फायलीत राहतं आणि मराठी खाटेवर. फाईल आणि खाट यांच्यामध्ये दोन पावलांचं अंतर असतं आणि ही मुलं दिवसातून शंभर वेळा ते चालतात. पण दोन्ही भाषा आपापल्या जागा सोडत नाहीत. महाराष्ट्रानं २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं, त्यानंतरच ही चौघं शाळेत बसली. वीस वर्षांहून जास्त काळ इंग्रजी त्यांच्या सोबत आहे. या वीस वर्षांत इंग्रजीतून त्यांना कोणी "जेवलीस का?" असं विचारलेलं नाही. परीक्षा नेमकं तेच मागते: फायलीतलं इंग्रजी उचला आणि खाटेवर आणून बसवा.

आणि बसवताना पहिल्यांदा मोडतो तो आदर. मराठीत तो क्रियापदाच्या टोकाला असतो. बस आणि बसा. आजोबांना सिस्टर "बसा हं" म्हणते तेव्हा त्या "सा" मध्ये मान असतो आणि "हं" मध्ये माया. चंदगडची मुलगी तेच मनातल्या मनात इंग्रजीत नेते आणि तोंडून निघतं "सिट". नुसतं सिट. ती उद्धट नाही, तिच्याइतकी मऊ बोलणारी मुलगी मी पाहिली नाही. पण मराठीत जो मान टोकाला बांधलेला होता तो वाटेत गळून पडला. इंग्रजीत तो सुरुवातीला बांधावा लागतो. बसायला आवडेल का, बसायला जमेल का, असं विचारत यावं लागतं. हे तिला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बाई, आपण शेवटी देतो ते त्यांना आधी द्यायचं." त्यानंतर ती चूक तिच्याकडून क्वचितच झाली.

तसंच "आपण". "आपण आता जरा कुशीवर होऊ या" असं आमच्याकडे सिस्टर म्हणते. यात पेशंट एकटा नसतो, कुशीवर दोघं मिळून होतात. हाच "आपण" इंग्रजीत "वी" करून मोठ्या माणसाशी बोललं, तर तो तिथल्या म्हाताऱ्यांना लहान मूल समजल्यासारखा लागतो. आणि काका, मावशी, आजोबा ही हाक तर सोडावीच लागते. भाचीला हे सगळ्यात जड गेलं. नाव घेऊन हाक मारली की पेशंट परका वाटतो, म्हणाली. मी तिला एवढंच सांगितलं, की तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल, असा प्रश्न तिथे आधी विचारतात. तो विचारणं हीच त्यांची आजोबा म्हणण्याची रीत.

एका मंगळवारी मी भिंतीवर कोरा कागद लावला. म्हटलं, दुखणं म्हणजे काय काय ते मराठीत सांगा, इंग्रजी आज नको.

सुरुवात ठणक्यानं झाली. मग ठसठस, ती गळवाची. कळ, ती पोटातली. चमक, पाठीतली, वाकताना भरणारी. शिणक, दाढेतून कानापर्यंत जाणारी. जळजळ, आग, टोचणी. पायाला मुंग्या. पोटरीत गोळा. पोटात मुरडा. डोकं भणभणणं, अंग मोडून येणं, मान अवघडणं, छाती भरून येणं. ब्रदरनं रग सांगितली, दिवसभर ओझं वाहिल्यावर खांद्याला लागते ती. जतच्या मुलीनं सांगितलं, "बाई, आमच्याकडं म्हातारी माणसं नुसतं 'कसंतरी होतंय' म्हणत्यात. तवा पयला बीपी बघायचा." अर्ध्या तासात कागद भरला. चौघांनाही प्रत्येक शब्दावरून दुखण्याची जागा, जात आणि घाई कळत होती.

मग समोर इंग्रजी लिहायला घेतलं. ठणक्याला थ्रॉबिंग. चमकेला आणि शिणकेला शूटिंग. भोसकल्यासारखी कळ आली तर स्टॅबिंग. जळजळीला बर्निंग. गोळ्याला क्रॅम्प. मुंग्यांना पिन्स अँड नीडल्स. तिकडे मुंग्यांच्या जागी टाचण्या आणि सुया आहेत हे ऐकून चंदगडची मुलगी स्वतःच्या तळव्याकडे बघत बसली. हे इंग्रजी शब्द त्यांनी क्लासच्या यादीत आधीही वाचले होते, पाठही केले होते. ते ध्यानात राहत नव्हते, कारण त्यांना दुखत नव्हतं. ठणका शेजारी बसला तेव्हा थ्रॉबिंग दुखायला लागलं. त्या दिवसानंतर कोणालाही तो कागद पाठ करावा लागला नाही. "कसंतरी होतंय" ची जागा मात्र बराच वेळ कोरी होती. शेवटी तिथे "आय डोन्ट फील राइट" लिहिलं आणि कंसात मराठीत बीपी बघा असंही लिहिलं.

शरीर लपवून बोलण्याची रीत दोन्ही भाषांना आहे. आपल्याकडे बाई "अंगावरून जातंय" म्हणते, "अडचण आहे" म्हणते, म्हातारा "बाहेर जाऊन येतो" म्हणतो, आणि नवी आलेली सिस्टरसुद्धा चौथ्या दिवशी यातलं सगळं ओळखते. इंग्लंडमधला म्हातारा लघवीच्या तक्रारीला वॉटरवर्क्स म्हणतो, जुन्या वळणाची बाई लघवीला जायचं तर एक पेनी खर्चून येते म्हणते, इंजेक्शन म्हणजे जॅब, तब्येत बरी नाही म्हणजे पुअरली. एरवी हे शब्द यादी म्हणून घोकले गेले असते. पण लाजणाऱ्या माणसाचं आडवळणाचं बोलणं समजून घेणं हे यांचं रोजचं काम आहे. कुठे लपवलंय हे त्यांना आवाजावरून कळतं. शब्द मग फक्त लक्षात ठेवायचा उरतो.

या परीक्षेतल्या बोलण्याला २०१८ पासून भाषेच्या चार निकषांबरोबर आणखी पाच निकष लावले गेले. पेशंटशी नातं जोडलं का. त्याच्या बाजूनं विचार केला का. बोलण्याला क्रम आहे का. माहिती नीट काढून घेतली का, आणि नीट दिली का. ते वाचल्यावर मला वाटलं, हे कोणा चांगल्या मेट्रननं लिहिलेलं आहे. "काळजी करू नका" एवढं म्हणून इथे भागत नाही. आधी काळजी मान्य करायची असते. भाची वॉर्डात काय म्हणते हे मी तिला एकदा विचारलं. म्हणाली, "सुईला घाबरणाऱ्याला मी म्हणते, भीती वाटणारच हो, सुई कुणाला आवडते? मग हात धरते." मी म्हटलं, याच्यातलं पहिलं वाक्य इंग्रजीत कर. तिनं केलं. साधं, सहा-सात शब्दांचं. व्याकरणात एक चूक होती, आणि तरी त्या निकषांतलं दुसरं कलम त्या वाक्यात पूर्ण होतं.

लेखनाचा पेपर ४५ मिनिटांचा. पहिली पाच मिनिटं फक्त वाचायचं, पेन उचलायचं नाही. पेशंटच्या त्रोटक नोंदी दिलेल्या असतात आणि त्यांवरून एक पत्र लिहायचं, साधारण १८० ते २०० शब्दांचं, बहुतेक वेळा पुढे काळजी घेणाऱ्या डॉक्टरला किंवा नर्सला. नोंदींची भाषा या मुलांच्या हाडात मुरलेली: बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, के-सी-ओ म्हणजे आधीपासूनचा आजार. खुणांची पूर्ण वाक्यं करणं सरावानं जमलं. अडलं दुसरीकडेच. ब्रदर काही सोडायला तयार होईना. नर्सिंगमध्ये पहिल्या वर्षापासून शिकवतात, जे लिहिलं नाही ते केलं नाही. तेव्हा २५ वर्षांपूर्वी अपेंडिक्स काढलं, मुलगी शिक्षिका आहे, पेशंटला वाचनाची आवड आहे, हे सगळं त्याच्या पत्रात आलं आणि पेनिसिलीन चालत नाही हे शेवटच्या ओळीत गेलं.

त्या दिवशी मी कपाटातून वडिलांची आंतर्देशीय पत्रं काढली. सप्रेम नमस्कार, विनंती विशेष, आणि लगेच: पत्रास कारण की. त्याच्यापुढे कारण. कोणाचं लग्न ठरलं, कोण आजारी आहे, किती पैसे पाठवले. मी ब्रदरला म्हटलं, तुझ्या पत्रास कारण काय? त्यानं विचार केला. "पेशंट घरी जातोय, तिसऱ्या मजल्यावर राहतो, काठी घेऊन चालतो, एक दिवसाआड ड्रेसिंग लागेल." म्हटलं, मग ज्या सिस्टरला तो तिसरा मजला चढून जायचंय, तिला अपेंडिक्सचं काय करायचंय? त्यानं ती ओळ खोडली. मग शिक्षिका मुलीची खोडली. मग थांबून ती परत लिहिली, पण वेगळी: मुलगी संध्याकाळी घरी असते, ड्रेसिंग तेव्हा ठेवावं. या परीक्षेच्या लेखनाचा पहिला निकष हेतू हाच आहे. पत्र कशासाठी लिहिलं ते वाचणाऱ्याला सुरुवातीलाच कळलं पाहिजे. आपल्या जुन्या पत्रलेखकांना हे कोणी निकष म्हणून शिकवलं नव्हतं. टपालखर्च आणि कागद दोन्ही मोजके होते, एवढंच.

ऐकण्याचा पेपर मात्र निर्दय आहे. ४२ प्रश्न, सगळं एकदाच ऐकवतात. सुरुवातीला पेशंटची दोन संभाषणं आणि ऐकता ऐकता २४ गाळलेल्या जागा भरायच्या. इथे माझा फारसा उपयोग नव्हता. माझं इंग्रजी मिरजेचं, आणि फितीतली माणसं ऑस्ट्रेलियाची, स्कॉटलंडची, उत्तर इंग्लंडची. मुलांनी रोज ड्यूटीला जाता-येता कानात ऐकत ऐकत ते कमावलं. जखमेला "वाउंड" न म्हणता "वूंड" म्हणतात हे चौघांनाही तिथेच पहिल्यांदा कळलं. रोज शंभरदा लिहिलेला शब्द, आणि कोणी तोंडानं म्हणून दाखवलेला नव्हता.

भाषेच्या परीक्षांचा इतिहास वाचत गेले तसतशी माझी काळजी वाढली. परदेशी लोकांसाठीची केंब्रिजची पहिली इंग्रजी परीक्षा १९१३ मध्ये झाली. बारा तास चाललेली ती परीक्षा तिघांनी दिली आणि तिघंही नापास झाले. ते निदान शिकवण्याच्या हौसेतून आलेलं होतं. ऑस्ट्रेलियाचं तसं नव्हतं. १९०१ च्या कायद्यानं तिथे बंदरावर उतरणाऱ्याला ५० शब्दांचं श्रुतलेखन घालता येत असे, आणि भाषा कुठलीही युरोपीय, अधिकाऱ्याच्या मर्जीची. ज्याला उतरू द्यायचं नाही त्याला न येणारी भाषा द्यायची. १९०९ नंतर ती परीक्षा कोणीही उत्तीर्ण झालं नाही. १९३४ मध्ये एगॉन किश हा प्रागचा पत्रकार आला. त्याला इतक्या भाषा येत होत्या की त्याच्यापुढे स्कॉटिश गेलिक ठेवली गेली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि ही भाषा त्या कायद्यात बसत नाही असा निकाल लागला. तरी हे श्रुतलेखन १९५८ पर्यंत कायद्यात होतं.

त्याच ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेलबर्नच्या टिम मॅकनामारा या भाषातज्ज्ञांनी ओईटी घडवली. बाहेरून आलेल्या डॉक्टर-नर्सना त्यांच्या कामाच्या भाषेत तपासावं, हा तिचा पाया. याच मॅकनामारांनी पुढे भाषापरीक्षांच्या सत्तेविषयी लिहिलं. बायबलमध्ये नदीच्या उतारावर एक शब्द उच्चारायला लावून "श" च्या जागी "स" म्हणणाऱ्यांना मारून टाकल्याची कथा आहे. भाषेची परीक्षा कशी वेशीवरचा पहारा होऊ शकते हे दाखवायला ते ती कथा घेत. परीक्षा घडवणाऱ्या माणसाला परीक्षेची ही बाजू ठाऊक होती, याचा मला आधार वाटतो.

ही कथा मी मंगळवारी सांगितली तेव्हा जतची मुलगी म्हणाली, "बाई, आमचंबी झालंय की तसं. 'पानी' म्हटल्यावर." आठवीत तालुक्याच्या शाळेत आली तेव्हा "पानी" आणि "लोनी" वरून वर्ग हसायचा. मग ती वर्षभर कमी बोलली. मी ऐकून घेतलं. मीही ३१ वर्षांत कितीतरी मुलींना "पाणी म्हण" असं वाक्य तोडून सांगितलं आहे. सांगायला नको होतं असं आता वाटतं. त्या काय सांगत होत्या ते राहूनच गेलं. मराठीतच जिचा असा न-ण चा पहारा झाला, ती इंग्रजी बोलायला तोंड उघडताना दचकते यात तिची चूक ती काय? तिला मी दाखवलं, की या परीक्षेत उच्चाराचा निकष समजण्याजोगा असणं हा आहे. इंग्रज वाटणं हा नाही. तिनं ते दोनदा वाचून घेतलं.

आमच्या दवाखान्यांत केरळच्या सिस्टर मी लहानपणापासून पाहत आले आहे. परदेशी जाण्याची वाट त्यांनी कधीच मळवली. केरळ सरकारच्या नोर्का रूट्सनं तर परदेशी भाषा शिकवणारी स्वतःची संस्था काढली. आपल्याकडे जत किंवा चंदगडच्या मुलीला हे सगळं मैत्रिणीच्या मोबाईलवरून कळतं. सरकारी नर्सिंग शाळेत आठवड्याला दोन तास, पेशंट आणि सिस्टर होऊन नुसतं बोलायचं, असा तास ठेवायला खर्च कितीसा येईल? जी परदेशी जाणार नाही तिलाही तो उपयोगी पडेल. वॉर्डातली सगळीच माणसं काही मराठी बोलणारी नसतात.

ही मुलं गेली की इथल्या आजी-आजोबांचं काय, हाही प्रश्न मला पडतो. मी स्वतः त्या वयाकडे चालले आहे. पण थांबा म्हणण्याचा हक्क पगार देणाऱ्याला असतो, आणि तो सोळा हजारांत मिळत नाही.

गेल्या पावसाळ्यात चौघांपैकी दोघी परीक्षेला बसल्या, भाची आणि जतची. दोघी मुंबईला एकत्र गेल्या, एकत्र परतल्या. निकाल आला त्या संध्याकाळी दोघी माझ्याच खोलीत होत्या. भाचीचे ऐकणं ३६०, वाचन ३७०, लेखन ३२०, बोलणं ३७०. ती उत्तीर्ण झाली. जतच्या मुलीचं वाचन ३५०, लेखन ३१०, बोलणं ४००. ऐकणं ३४०.

दहा गुण. गाळलेल्या जागांपैकी एखाद-दुसरी.

भाची तिच्याआधी रडायला लागली. जतची मुलगी मोबाईलकडे बघत राहिली, मग म्हणाली, "बाई, बोलण्यात माझे ज्यादा हायत." खरंच होते. चौघांत सगळ्यात कमी बोलणारी ती.

दोन वेळचे गुण एका वर्षाच्या आत जोडून चालतात, हे तिला माहीत होतं. पुन्हा फी भरावी लागणार, पुन्हा चारही पेपर द्यावे लागणार. जतला फोन करून वडिलांना काय सांगायचं ते तिनं बाहेर गॅलरीत जाऊन सांगितलं. मला ऐकू आलं नाही. आत आली तेव्हा भाचीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "असू दे गं, पानी दे जरा."

पुढच्या मंगळवारी ती पावणेतीनलाच आली. ब्रदर आणि चंदगडची यायचे होते. तिनं पिशवीतून नवी कार्डं काढली, तिनंच रात्रपाळीत लिहिलेली, माझं माझ्याकडे दिलं. यावेळी मी मधुमेहाचा पेशंट होते, पायाची जखम लपवणारा. मी चष्मा काढून ठेवला, चादर ओढली आणि दिवाणावर आडवी झाले.